मेहेंदळे सरांच्या जुन्या बातम्या

दूरदर्शनचे जुने वृत्तनिवेदक विश्वास मेहेंदळे यांच्या नावाने पुरस्कार द्यावा अशी सूचना एकाने केली आहे, ती चांगलीच आहे, पण मला वाटतं आधी त्यांचं काम शोधून जपायला हवं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्यांचे पहिले निवेदक म्हणून तेच लोकांना दिसले. तेव्हा बातम्या लाईव्ह वाचायचे, फिल्ड शूटिंग १६ एमएम फिल्मवर, पुढे व्हिडिओ टेप आल्या तरी महाग म्हणून पुसून परत वापरायच्या, म्हणजे शिल्लक राहिलेलं फुटेज किती मोलाचं बघा! २०२३ मध्ये सर गेले. त्या काळातले कॅमेरामन, एडिटर, निवेदक जे आहेत त्यांच्या आठवणी आत्ताच रेकॉर्ड करा, आणि घरी जुन्या व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) असतील तर प्लीज बुरशी लागायच्या आत डिजिटाइझ करून घ्या.