एलसीडी घड्याळ: वीज गेली की वेळ मागे जाते, आणि आकडे देवनागरी हवेत

प्रश्न
अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड), १६×२ ची निळी एलसीडी (मागे आयटूसी, म्हणजे दोन तारांवर चालणारा बोर्ड) आणि डीएस३२३१ मॉड्यूल (वीज गेली तरी सेलवर वेळ मोजत राहणारी चिप) एवढ्यावर घड्याळ केलंय. दोन्हींची एसडीए (डेटाची) तार ऊनोच्या ए४ ला, एससीएल (क्लॉकची) ए५ ला. चालतं नीट, पण वीज जाऊन आली की प्रोग्राम टाकला त्या दिवशीची वेळ पुन्हा दाखवतं. सेल नवा आहे, सीआर२०३२. शिवाय सेकंद बदलताना आख्खा डिस्प्ले लुकलुकतो. आकडे देवनागरी हवेत, पण स्वतःची अक्षरं आठच साठवता येतात आणि आकडे तर दहा. काय करावं?

प्रतिसाद १
सेलचा दोष दिसत नाही. सेटअपमध्ये वेळ लावणारी अ‍ॅडजस्टची ओळ तशीच राहिली असणार. ती कंपाइल झाल्याची वेळ घेते आणि ऊनो सुरू होताना दरवेळी तीच चिपमध्ये लिहिते. खात्री करायची तर वीज चालू ठेवून नुसतं रिसेट दाबा, वेळ तशीच मागे जाईल.

आधी एकदा आहे तोच प्रोग्राम नव्याने कंपाइल करून टाका, म्हणजे आजची वेळ बसेल. मग लगेच ती ओळ लॉस्टपॉवरच्या (घड्याळाची चिप मध्ये थांबली होती का, हे सांगणाऱ्या फंक्शनच्या) इफमध्ये घालून पुन्हा टाका. दुसरी पायरीच केलीत तर जुनी चुकीची वेळच पुढे चालू राहील, कारण चिपच्या दृष्टीने ती थांबलेलीच नाही. अपलोडला लागणाऱ्या वेळामुळे घड्याळ काही सेकंद मागे राहतं, तेवढे सेकंद अ‍ॅडजस्ट करताना मिळवा.

लुकलुकणं क्लिअरमुळे, म्हणजे आख्खा डिस्प्ले पुसणाऱ्या आज्ञेमुळे. लूपमधून ते काढूनच टाका. सेकंद बदलला तरच कर्सर जागेवर नेऊन वर लिहा. दहाच्या आतल्या आकड्याआधी शून्य हवंच, नाहीतर ५९ नंतर ० लिहिताना मागचा ९ तसाच राहतो आणि ०९ दिसतं.

प्रतिसाद २
आकड्यांचं जमतं, आणि बरोब्बर आठातच. ३ साठी एलसीडीतला इंग्रजी ३ चालतो. शून्यासाठी मात्र इंग्रजी शून्य घेऊ नका, या डिस्प्लेंवर सहसा त्यात तिरकी रेघ असते. इंग्रजी मोठ्या लिपीतलं ओ अक्षर घ्या. उरले १, २, ४, ५, ६, ७, ८, ९.

अक्षराची चौकट ५ ठिपके रुंद, ८ उंच. ४ असा बसतो:

१०००१
१०००१
०१०१०
००१००
०१०१०
१०००१
०१११०
०००००

१ आणि ९ एवढ्या जागेत सारखेच दिसू लागतात, म्हणून ते चौकटीच्या कागदावर काढून लांबून बघा आणि मगच कोडमध्ये भरा. क्रिएटकॅरने (स्वतःची अक्षरं साठवणारी आज्ञा) अक्षरं भरल्यावर सेटकर्सर (लिहायची जागा ठरवणारी आज्ञा) द्यायला विसरू नका. तोवर डिस्प्लेचा पत्ता अक्षरांच्या मेमरीतच असतो आणि पुढचं लिखाण तिथे जाऊन आकडे बिघडतात. छापताना कोड ० ते ७ ऐवजी ८ ते १५ वापरा. तीच आठ अक्षरं तिथेही दिसतात, आणि ० कोडमुळे स्ट्रिंग मध्येच संपायची भानगड राहत नाही.

प्रश्नकर्ता
वेळ आता टिकते, ४ सुरेख दिसतोय. दुसरी एक एलसीडी लावून पाहिली तर वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन. आणि मॉड्यूल ५ व्होल्टवर असताना सेलला काही होत नाही ना?

प्रतिसाद ३
चौकोन म्हणजे एलसीडीला वीज मिळतेय, आज्ञा पोचत नाहीत. दुसऱ्या बोर्डावरची चिप वाचा. पीसीएफ८५७४ असेल तर बोर्डाचा आयटूसी पत्ता सहसा हेक्स २७, ८५७४ नंतर ए असेल तर हेक्स ३एफ. कोडमध्ये तोच पत्ता हवा. पत्ता बरोबर असूनही पडदा कोरा दिसला तर मागचा निळा प्रीसेट (कॉन्ट्रास्टचा छोटा स्क्रू) फिरवा.

सेलचं मात्र आजच बघा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर २०१ लिहिलेला रोध आणि काचेचा डायोड मिळून सेल चार्ज करतात. सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नाही. ५ व्होल्टवर त्याला ४.४ च्या आसपास मिळतात, तो फुगतो, गळतो. तो रोध सोल्डरिंग गनने उचलून काढा. वेळेवर परिणाम होत नाही, वीज गेल्यावर सेल चिपला थेट पुरवतो. तिथे एलआयआर२०३२ (चार्ज होणारा त्याच आकाराचा सेल) घालायचा सल्ला मिळेल, पण तो ४.२ ला पूर्ण भरतो, म्हणजे त्यालाही ५ व्होल्ट जास्तच.

जाता जाता डीएस३२३१ चिपवर एसएन आहे की एम तेही पाहा. एसएनची अचूकता ०° ते ४०° से.ला ±२ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग), वर्षाला साधारण एक मिनिट. एमची ±५, म्हणजे अडीच मिनिटांपर्यंत.