झाडीपट्टीतला विनोद टीव्हीवर लिहिताना

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे वडसा-ब्रह्मपुरीकडं, दिवाळी ते होळी प्रहसनं लिहिणाऱ्याला टीव्हीचं विनोदी लेखन सहज जमेल, असं म्हणतात. मला अर्धंच पटलं. संवादाचा कान तयार असतो, खरं आहे. पण झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, तिथं नट प्रेक्षक बघून प्रवेश ताणतो. टीव्हीचं स्किट दहा-बारा मिनिटांत आवरावं लागतं. तीन-चार पात्रं, एकच जागा, पहिला हशा पहिल्या पानावरच.

खरी अडचण क्रियापदाची. मराठीत ते शेवटी येतं आणि हशाच्या शब्दावर पाय देतं. ‘त्यानं सासऱ्याले हुंड्यात फवारणीचा पंप मागतला’ यात लोक ‘पंप’वर हसतात, अन् ‘मागतला’ हशात बुडतं. म्हणून फिरवायचं: ‘सासऱ्याले मागतलं काय? फवारणीचा पंप!’ बोली राहू द्या, पण मुंबईकराला न कळणारा शब्द हशाच्या जागी नको. तो आधीच्या वाक्यात एकदा येऊन गेलेला असावा.

मुंबईला संहिता पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं नोंदवा, ऑनलाइन होते. करारात रॉयल्टीचं कलम वाचा: 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर लेखकाचा तो हक्क निर्मात्याला सहजासहजी लिहून घेता येत नाही.

निर्माता व्हायची घाई मात्र नको. वाहिनीचे पैसे भाग दाखवून झाल्यावर, बहुधा महिन्यांनी येतात. नट, लाइट, जेवण यांचे आधी द्यावे लागतात. चांगले लेखक तिथंच अडकतात.