बारशाची कुंची, वाळे आणि पाकीट: हौस कुठवर?

फटकळ
पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापा नाहीतर छापू नका, बाराव्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत ढीग पडायचा तो पडतोच. नेटचे फ्रॉक, सहा महिन्यांच्या मापाचे बाबासूट, पावडर-तेलाचे डबे, एकाच तऱ्हेच्या चार रजया. त्यात भर म्हणून खणाची कुंची, वाळे, बिंदल्या. माझं म्हणणं सरळ आहे: कुंची-वाळे हा फोटोपुरता खर्च आहे. त्यापेक्षा दोन डझन लंगोट, सहा सुती दुपटी आणि पाकीट द्या. बाळाला त्या दिवशी धुऊन मऊ झालेलं झबलं घाला. विरोध असेल तर कारणासकट लिहा, नुसतं 'परंपरा आहे' म्हणून भागणार नाही.

सुईदोरा
लंगोटांचा हिशेब मान्य. पावसाळ्यात तर दोन डझनही अपुरे पडतात. पण कुंचीवरचा राग चुकीच्या जागी आहे. वाईट असते ती विकत मिळणारी कुंची: आत बुकरम, वर टिश्यू, कडेला टोचरी लेस आणि सुताला लोंबणारे मणी. नीट शिवलेल्या कुंचीचा बाळाला काही त्रास नाही.

खण असेल तर आत जुन्या धुवट मलमलचं अख्खं अस्तर हवं, नुसती पट्टी नाही. खणाला काठाशी कडकपणा असतो आणि तो नेमका गालावर येतो. म्हणून तोंडाकडच्या कडेला अस्तरच अर्धा सेंटिमीटर बाहेर वळवून पायपिनसारखं शिवायचं, म्हणजे गालाला मलमल लागते, खण नाही. टोपीचा भाग साधारण ३६ बाय १८ सेंमी, खालचा घोळ ४५ ते ५० सेंमी लांब. सगळे चुकतात ते चुण्यांत. घोळाला सरसकट चुण्या घातल्या की मानेच्या मागे गठ्ठा होतो, बाळ उताणं ठेवलं की हनुवटी छातीकडे वळते. मधले आठ सेंटिमीटर सपाट ठेवा, चुण्या दोन्ही खांद्यांकडे ढकला. हनुवटीखाली नाडी नको, मऊ कापडाची रुंद पट्टी आणि चपटं टिचबटण लावा. मणी लावायचेच असतील तर पाठीवरच्या घोळावर, टाळूपाशी एकही नको.

राहता राहिला झबल्याचा प्रश्न. बारा दिवसांच्या बाळाची छाती ३२-३३ सेंमीच्या आसपास असते. झबल्याचा घेर ४५ आणि लांबी २७ पुरते. सहा महिन्यांचं माप आणलं की हात बाहीत हरवतात आणि गळा वर सरकून तोंडावर येतो. 'वाढत्या अंगाचं आणलंय' हे वाक्य बारशाला तरी बंद व्हायला हवं.

दुपटं
मी फटकळच्या बाजूने, पण खर्चामुळे नाही. कुंची कितीही सुबक शिवली तरी ती डोकं झाकते, आणि तान्हं बाळ जास्तीची उष्णता बऱ्याच अंशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. बारशाला खोलीत तीस-चाळीस माणसं, दिवे, मोबाइलचे फ्लॅश. वर कुंची, आत टोपरं, त्याखाली झबलं, भोवती रजई. बाळ लाल होऊन रडायला लागलं की 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहरी शोधायला पळतात. आधी मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक थर काढा.

दुसरं, नाळ. बाराव्या दिवशी नाळेचा खुंट नुकताच पडलेला असतो किंवा अजून लोंबत असतो. पोटावर इलॅस्टिक येणारा कुठलाही सेट, मग तो छोटा धोतर-कुर्ता असो की परकर-पोलकं, त्या दिवशी बाद. खांद्यावरून लोंबेल असंच काहीतरी घालावं.

तिसरं कोणाच्या लक्षातच येत नाही. हातमोजे आणि पायमोजे उलटे करून बघा. आत शिवणीचे सुटे धागे असतात. त्यातला एक करंगळीभोवती गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि मोजा घातलेला असल्यामुळे ते दिसतही नाही. धागे कापा, मोजा उलटा म्हणजे शिवण बाहेर ठेवून घाला. फोटोत ओबडधोबड दिसेल, दिसू दे.

सुईदोरा
धाग्याचं शंभर टक्के खरं. कुंची दिवसभर ठेवा असं मी म्हटलेलंच नाही. पाळण्यात घालताना चढवावी, नाव ठेवून झालं की काढावी, वीस मिनिटांचं काम आहे. आणि कुंची घातली तर आत टोपरं कशाला? दोन्ही एकावर एक घालणं हीच मूळ चूक.

तोळामासा
वाळ्यांवर लिहितो. 'फोटोपुरता खर्च' हे अर्धंच खरं आहे. चांदी मोडीत जाते, नेटचा फ्रॉक जात नाही. मात्र किती जाते हे घेतानाच ठरतं. घुंगरं, मीना आणि बारीक नक्षी असलेल्या वाळ्यांत डाग (जोडाची झाळ) जास्त, म्हणजे कमी टंचाचा, कमी शुद्ध चांदीचा भाग जास्त, आणि मोडताना तो कापला जातो. घडणावळ तर परत मिळतच नाही. पोकळ नळीचे वाळे वजनाला हलके दिसतात, पण एकदा चेपले की सरळ होत नाहीत. भरीव, साधे, घुंगराविना घ्यावेत. तोंडाची टोकं गोल घासलेली आहेत का ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. तिथे ओरखडा उठला तर बाळाच्या घोट्यालाही उठणार.

'जर्मन सिल्व्हर'च्या नावाखाली मिळतं त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलने कातडीवर पुरळ येऊ शकतं. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, त्यामुळे ९२५ किंवा ९९० असा शिक्का मागून घ्यावा लागतो. सोन्याची गोष्ट निराळी. दागिन्यांना हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, पण २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूला सूट आहे. बाळाची अंगठी, कानातल्या बाळ्या, बदाम हे सगळं बहुतेक त्याच वजनात बसतं! म्हणून शिक्का नसला तरी बिलावर कॅरट आणि वजन लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

फटकळ
म्हणजे माझाच मुद्दा झाला. घडणावळ बुडवून, टंच तपासून, टोकं घासून घेण्यापेक्षा तेच पैसे पाकिटात घातले तर काय बिघडलं? मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी.

तोळामासा
बिघडत काही नाही, पण पाहुण्याला ते खातं उघडता येत नाही. पालकांनीच उघडायचं, जन्मदाखला लागतो, आणि बाराव्या दिवशी तो बहुतेकांच्या हातात नसतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. तेव्हा पाकिटावर 'खात्यासाठी' असं लिहून द्या आणि विषय संपवा. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख, पैसे १५ वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण. तरी पाकीट घरखर्चात विरघळतं, वाटी-चमचा उरतो. माझं मत बदललेलं नाही.

दुपटं
वाटी-चमच्याला माझाही पाठिंबा, सहा महिन्यांनी उष्टावणाला लागतोच. फक्त त्या दिवशी त्याच चांदीच्या चमच्याने मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम होऊ शकतो.

आणि राईची उशी आणणाऱ्यांना एक विनंती. 'डोकं गोल होतं' म्हणून देतात, पण वर्षाच्या आत झोपताना उशीच नको. शिवण उसवली की राई नाकाजवळ. डोकं एका बाजूने चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पालथं घालणं आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलणं एवढं पुरतं.

सुईदोरा
उशी नको म्हटलं की आज्या रागावतात, तर पर्याय देते: पाळण्यावर टांगायचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणून ते तेवढ्याच उंचीवर टांगायचं. फिक्या गुलाबी-आकाशी चिमण्या बाळाला नीट दिसत नाहीत. काळा-पांढरा, लाल असे ठसठशीत रंग घ्या. चिमण्यांत चिंध्या भरा, मणी-खडे नकोत. पाच महिन्यांच्या सुमाराला बाळ हात उंचावून ओढायला लागलं की काढून टाका.

फटकळ
चिमणाळं चालेल. स्वस्त आहे, घरी होतं. कुंचीचं वीस मिनिटांचं गणितही मान्य. वाळ्यांवर मात्र मी ठाम आहे. बाळ पाच महिन्यांचं झालं की पाय तोंडात घालतं, तेव्हा वाळे काय करायचे?

तोळामासा
काढून ठेवायचे. साध्या कागदात नको, हवाबंद पिशवीत खडूचा तुकडा घालून, म्हणजे कमी काळे पडतात. एक राहिलं: वाटीवर नाव कोरून आणू नका. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' म्हणेपर्यंत ते घरातल्यांनाच ठाऊक असतं, आणि तुम्ही ऐकलेलं नाव ऐनवेळी बदललेलं निघतं. वाटी कोरी द्या, कोरून घेण्याचे पैसे सराफाकडे भरून पावती सोबत जोडा.