सोसायटी ग्रुप : डोंगरातल्या सायकल ट्रेलचा वर्षाचा पास काढायचा का?

सी-१०४ : नमस्कार मंडळी. एक विचारायचं होतं. आमचा धाकटा अमेरिकेत व्हरमाँटला असतो हे बऱ्याच जणांना माहितीये. त्याने आता माउंटन बाइक घेतलीये आणि तिथल्या कुठल्यातरी ट्रेलचा वर्षाचा पास काढतोय, स्वतःचा, सुनेचा आणि नातवाचा पण. मी म्हणलं अरे डोंगरात सायकल चालवायला कसले पैसे, तर म्हणतो बाबा ते ट्रेल तिथले लोकच सांभाळतात. मला काय ते नीट कळलं नाही. बी-३०२ तुम्ही तिकडं राहून आलाय आणि सायकल पण चालवता, म्हणून विचारतोय, खरंच घ्यावा लागतो का?

ए-५०१ : काका मला तर हे पटतच नाही. आपण रोज सकाळी बोगद्यातनं यवतेश्वरला जातो, अजिंक्यताऱ्यावर जातो, कोण पैसे मागतं? डोंगर सगळ्यांचा असतो

बी-३०२ : काका ईस्ट बर्क गावातलं किंगडम ट्रेल्स म्हणतोय का तो?

सी-१०४ : हो हो किंगडमच

बी-३०२ : मग नक्की काढू दे. बोस्टनला होतो तेव्हा मी तिथं जायचो, गाडीनं तीन तास लागायचे. ते सरकारी जंगल नाही काका. १९९४ ला गावातल्या लोकांनी एक विनानफा संस्था काढली, आणि आज तिथं १६० किलोमीटरच्या वर पायवाटा आहेत पण त्यातली बरीचशी जमीन खासगी आहे, शंभरेक मालकांची. कुणाचं कुरण, कुणाचं मॅपलचं जंगल, कुणाच्या घराच्या मागची टेकडी. एकच वाट चार-पाच जणांच्या रानातनं जाते आणि आपल्याला कळतही नाही कुठं कुणाची हद्द संपली. हे मालक लोकांना त्यांच्या जमिनीवरनं फुकट जाऊ देतात. पासचे पैसे संस्थेकडे जातात आणि त्यातनं वाटा दुरुस्त होतात, लाकडी पूल बसतात, पाट्या लागतात, माणसांचे पगार होतात.

ए-५०१ : मालकांना एक रुपया मिळत नाही? मग ते का देतात?

बी-३०२ : व्हरमाँटचा कायदाच तसा आहे दादा, मालकानं पैसे न घेता लोकांना आपल्या जमिनीवर फिरू दिलं आणि कुणी तिथं पडला झडला तर सहसा मालकावर जबाबदारी येत नाही. पैसे घेतले की ते संरक्षण जातं. आणि दुसरं म्हणजे गावात धंदा येतो. लोक सायकल घेऊन येतात, राहतात, जेवतात.

डी-२०२ : मी जरा बोलू का. आमच्या सासऱ्यांचं रान कास रोडला आहे, ते अजून तिथंच असतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कोण कुठले सायकलवाले आणि त्यांच्या मागनं मोटारसायकलवाले आमच्या नाचणीच्या खाचराच्या बांधावरनं खाली उतरायला लागले, कारण मोबाइलमधल्या नकाशावर ती वाट दिसते म्हणे. बांधावर चाकानं बोटभर खोल रेघ पडली बस, एवढंच. पण तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीये. पाणी त्या रेघेतनं धरलं, गणपतीपर्यंत गुडघ्याएवढा ओघळ झाला आणि एका रात्रीत बांध फुटून खालच्या दोन्ही खाचरांत दगडगोटे आले. माती गेली ती गेलीच. कुणी विचारलं पण नाही. सासऱ्यांनी काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली तर त्यांनाच शिव्या देऊन गेले. त्यामुळे ए-५०१ दादा, डोंगर सगळ्यांचा असतो हे ऐकायला बरं वाटतं पण त्यात कुणाचं तरी रान असतं

ए-५०१ : वहिनी हे माहीत नव्हतं. वाईट झालं हे

बी-३०२ : ताई तुम्ही म्हणताय तेच तिकडंही झालं. २०१९ च्या डिसेंबरात किंगडमच्या तीन जमीनमालकांनी सांगितलं की आता आमच्या जमिनीवर सायकली नकोत. गर्दी फार झाली होती आणि काही लोकांची वागणूक. गावातल्या लाडक्या वाटा, त्यातला एक मोठा तुकडा एका झटक्यात बंद. म्हणजे १९९४ पासून जमवलेलं, आणि तीन माणसांच्या नाही म्हणण्यानं नकाशा बदलला. सगळं टिकून आहे ते मालकाच्या होकारावर. तो होकार टिकावा म्हणून संस्थेला वर्षभर राबायला लागतं, आणि राबायचे पैसे पासमधनं येतात. काका, नातवाला हे नक्की सांगायला सांगा तिकडं.

सी-१०४ : आता डोक्यात शिरलं. पण वर्षाचाच का, जाईल त्या दिवशी दिवसाचा घेतला तर?

बी-३०२ : किती वेळा जाणार त्यावर आहे. दिवसाच्या पासची किंमत आणि वर्षाची शेजारी ठेवून बघायची, तो तिथंच राहतो म्हणल्यावर वर्षाचाच परवडणार. फक्त दोन गोष्टी बघायला सांगा. एक, पास घेतल्या तारखेपासून वर्ष आहे का ठरलेल्या तारखेला संपतो. दुसरं, बर्फ वितळतो तेव्हा, साधारण एप्रिलमध्ये, तिकडं सगळा चिखल असतो आणि वाटा बंद ठेवतात, तेव्हा पास असला तरी जायचं नाही म्हणजे नाही. थंडीत मात्र चालू असतं, जाड टायरच्या सायकली आणि स्कीइंग.

ए-५०१ : पास काढून पण बंद?

बी-३०२ : ओल्या मातीत चाक गेलं की ताई म्हणाल्या तीच रेघ पडते दादा. ट्रेल बांधणाऱ्यांचं सगळं लक्ष पाण्यावर असतं. वाट डोंगराच्या आडव्या अंगानं न्यायची, सरळ उताराला नाही, दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची म्हणजे पाणी वाटेवरनं वाहत न जाता वाट ओलांडून बाहेर पडतं. मधेमधे हलके खोलगट भाग ठेवतात, तिथं पाणी निघून जातं. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा असं म्हणतात. पण कितीही चांगली बांधली तरी दर वर्षी पानं, माती अडकून बसते, ती काढावी लागते. ते कुणी केलं नाही तर दोन पावसाळ्यांत वाट गेली.

बी-१०१ सर : हे तर आपल्या समतल चरांचंच तत्त्व आहे. २०१६ ला वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, आपल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं तेव्हा मी शाळेतली पोरं घेऊन श्रमदानाला गेलो होतो. डोंगराला आडवं खणायचं, पाण्याला पळू द्यायचं नाही. म्हाताऱ्या बायका टिकाव घेऊन होत्या. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना हे काम शिकवायला लागत नाही, कुणीतरी हाक मारायला लागते.
पासचं म्हणाल तर कासला काय वेगळं आहे? २०१२ ला पठार जागतिक वारशाच्या यादीत आलं, गर्दी वाढली, आणि फुलांच्या हंगामात शुल्क घेऊन संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या गावातली माणसंच राखण करतात. सुरुवातीला साताऱ्यातल्या लोकांनी कुरकुर केलीच की, आमचं कास आणि आम्हालाच तिकीट. आता कुणी बोलत नाही, कारण समोर शिट्टी वाजवणारा पोरगा तिथल्याच गावातला असतो हे दिसतं.

ए-५०१ : सर तुमचं पटलं. मग इथं पण असं का करू नये, आपण सायकलवाले मिळून वर्षाला काही ठरावीक रक्कम जमा करू आणि यवतेश्वरच्या अंगाला एक चांगली वाट करू?

बी-१०१ सर : एकदम वाट करू म्हणू नका. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय फावडं मारायचं नाही, १९८० चा वनसंवर्धन कायदा आहे. आधी चौकशी, लेखी अर्ज. मालकी रान असेल तर मालकाचा होकार, आणि तो पण तोंडी नको.

बी-३०२ : सरांशी सहमत. आणि मला वाटतं नवीन वाट करायच्या आधी जुनं निस्तरायचं. ज्या वाटेवरनं आपण इतकी वर्षं फुकट गेलो तिचं आपण काय केलं? मी स्वतः रोज जातो त्या पायवाटेवर एका ठिकाणी कातळाच्या खाली पाणी वाटेतनंच वाहतंय, माती जाऊन जांभ्याची चिप्प उघडी पडलीये, आणि लोक ती चुकवायला शेजारनं जातात त्यामुळे वाट रुंद रुंद होत चाललीये. एक आडवा दगडांचा पट्टा टाकला असता तर झालं असतं. ते काम वर्गणीशिवाय होण्यासारखं आहे, दहा जण आणि एक सकाळ. पण ती जागा कुणाची हे आधी तलाठ्याकडे बघावं लागेल.

डी-२०२ : खरं सांगू का, पैशापेक्षा कुणी येऊन विचारलं असतं ना की बाबा तुमच्या बांधावरनं जाऊ का, तर सासऱ्यांनी स्वतः खालची वाट दाखवली असती. आहे तिथं एक, गुरांची, बांधापासनं लांब. त्यांना माणसं आवडतात

बी-३०२ : ताई तुमची हरकत नसेल तर आम्ही रविवारी येऊन त्यांना भेटू का? सायकली न घेता. फुटलेला बांध जरा उभा करायचा असेल तर ते पण करू.

ए-५०१ : मी येतो

बी-१०१ सर : मी पण. माझा टिकाव आहे अजून.

सेक्रेटरी : चांगली चर्चा चाललीये म्हणून मधे बोललो नाही. पण वर्गणीचं काय ठरलं तर सोसायटीच्या खात्यातनं नको, सायकलवाल्यांचं वेगळं ठेवा, हिशोब मात्र ग्रुपवर टाका.

सी-१०४ : मुलाला आत्ताच फोन केला. म्हणतो बाबा, मी पास तर काढतोच, शिवाय वाटा साफ करायचे स्वयंसेवकांचे दिवस असतात त्याला पण नाव देतोय, नातवाला फार उत्साह आहे दगड उचलायचा. वर्षाचाच काढतोय तिघांचा. मी आता काही बोलणार नाही. आणि बी-३०२, तुमच्याबरोबर रविवारी मला पण न्या, मला खणता येत नाही पण पाणी धरायला आणि चहा करायला येतो.

डी-२०२ : सासऱ्यांशी बोलले. या म्हणतात, पण आठच्या आत, नंतर त्यांना गुरं सोडायची असतात. गाड्या रोडला देवळापाशीच लावा, खाली आणू नका, अजून ओल आहे. आणि फावडी आपापली आणा, त्यांच्याकडे एकच आहे.