मदत हवी आहे: माटोळी (गणेशचतुर्थीला देवावर बांधतात ते फळापानांचं छत) स्पर्धेच्या अर्जातलं कॅलेंडर कधी चालतं, कधी नाही (रिक्वायरजेएस)

वाळवंटीकाठ
चवथ तोंडावर आलीय आणि नोंदणीचा अर्ज अडलाय. फायली रिक्वायरजेएस (जावास्क्रिप्ट फायली मागवणारं साधन) आणतं. कॅलेंडर हे जुनं प्लगिन आहे, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीला जोडलेलं. कधी उघडतं, कधी 'डेटपिकर इज नॉट अ फंक्शन'. शिममध्ये (कुठली जुनी फाइल कशावर अवलंबून ती यादी) सगळं लिहिलंय. मंडळाचे लोक सकाळपासून फोन करताहेत, लवकर सांगा.

फोंडेकर
सगळं म्हणजे काय? आणि कन्सोलमधली पहिली लाल ओळ द्या, ही शेवटची दिसतेय.

केपेंकार
वेटसेकंड्स (फाइलची वाट पाहायची मर्यादा) वाढवा. मुळात 7 सेकंदच असतात. आमच्याकडे पावसात नेट रांगतं, मी 30 ठेवलेत. शून्य दिलं तर मर्यादाच उरत नाही.

फोंडेकर
वेळ संपली असती तर 'लोड टाइमआउट' आला असता. इथे फाइल आलीय, पण चुकीच्या क्रमानं.

नवी_वाट
रिक्वायरजेएस सोडा आता. इम्पोर्ट मॅप ही ब्राउझरमधलीच सोय क्रोममध्ये आवृत्ती 89 पासून आहे, फायरफॉक्समध्ये 108, सफारीत 16.4. मी सगळी कामं तिकडे नेली, एकदाही पस्तावलो नाही.

फोंडेकर
मॅप फक्त कुठलं नाव कुठल्या फाइलचं ते सांगतो. हे प्लगिन जेक्वेरी ग्लोबल (पानात कुठूनही) मिळेल असं धरून चालतं. आधी कोण, मग कोण, हे मॅपला कसं कळणार?

नवी_वाट
मग प्लगिनच बदला.

वाळवंटीकाठ
चार दिवसांत? नाही जमणार. पहिली ओळ 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड'. शिममध्ये जेक्वेरी आणि कॅलेंडर दोन्ही आहेत, कॅलेंडरच्या डेप्समध्ये (आधी लागणाऱ्या फायलींत) जेक्वेरी आहे.

सत्तरीची_लेक
माटोळीला कांगलां आणि माट्टीची फळं हवी असतील तर आमच्या गावात मिळतील. रानात जाणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

फोंडेकर
जेक्वेरीला शिममधून काढा. आवृत्ती 1.7 पासून ती स्वतःच डिफाइन करते, म्हणजे रिक्वायरजेएसकडे आपली नोंद करते. शिम फक्त डिफाइन नसलेल्या जुन्या फायलींसाठी. पण तुमचा दोष हा नव्हे. पानात डेटा-मेनशिवाय (स्क्रिप्ट टॅगमध्ये नेमलेली मुख्य फाइल, जिच्यात शिम आहे) आणखी कुठे रिक्वायर लिहिलंय का?

वाळवंटीकाठ
हो, अर्जाच्या पानात तळाला. जेक्वेरी आणि कॅलेंडर मागवलंय. ते सांगायचं असतं असं वाटलं नाही.

फोंडेकर
हेच ते! डेटा-मेनची फाइल असिंक येते, म्हणजे पान तिच्यासाठी थांबत नाही. तळाचं रिक्वायर कधी तिच्याआधी धावतं, तेव्हा शिम ठाऊकच नसतो. फायली त्याच फोल्डरात आहेत ना? म्हणून त्या सापडतात, पण जी आधी पोचेल ती आधी चालते. कॅलेंडर पुढे गेलं की ते जेक्वेरी शोधत बसतं. डेटा-मेन काढा. तळाला आधी फक्त कॉन्फिगची (शिम असलेली) फाइल मागवा आणि तिच्या कॉलबॅकमध्ये (ती आल्यावरच चालणाऱ्या भागात) बाकीचं रिक्वायर लिहा. प्रत्येक पानावर हाच नियम.

केपेंकार
तरी वेटसेकंड्स वाढवाच.

वाळवंटीकाठ
कॅशे पुसून वीस वेळा उघडलं, वीसही वेळा कॅलेंडर आलं. फोंडेकरभाऊ, देव बरें करूं. सत्तरीची लेक, कांगलां खरंच हवीत, निरोप टाकते.