सागवानी झोपाळ्याच्या फळीला कीड लागली आहे, वाचवता येईल का?

गुहागरजवळच्या आमच्या घरी ओटीवर सागवानी झोपाळा आहे. अखंड फळी, साधारण साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड. चार कोपऱ्यांना भोकं पाडून कड्या अडकवल्यात. घर गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं, एरवी बंद. यंदा पाहिलं तर फळीच्या एका लांब कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली जमिनीवर मैद्यासारखा भुसा. झाडला तरी पुन्हा पडतो.

विचित्र म्हणजे भोकं फक्त त्या कडेच्या तीनेक बोटं रुंद फिकट पट्ट्यात आहेत. बाकीच्या गडद लाकडाला काही झालेलं नाही.

गावातले सुतारकाका म्हणतात, "लांबी (पुट्टी) भरतो, घासून पॉलिश मारतो, कळणारसुद्धा नाही." चुलतभाऊ म्हणतो बंबात घाला आणि नवा आणा. मला दोन्ही पटत नाही. दोन कड्यांची भोकं नेमकी त्या फिकट पट्ट्यात आहेत, आणि सुट्टीत त्यावर पाच-सहा पोरं एकदम चढतात.

कीड अजून जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं? औषध कुठलं, जे लहान मुलं बसणार त्या फळीला चालेल? आणि ती कड भरून घ्यावी की कापून टाकावी? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

मैद्यासारखा भुसा म्हणजे बहुधा पावडरपोस्ट जातीचा भुंगा. खसखशीसारखे टणक, एकसारखे दाणे पडत असते तर कोरड्या लाकडातली वाळवी म्हटलं असतं, तिचा इलाज वेगळा.

फक्त फिकट पट्टा खाल्ला यात विचित्र काही नाही. तो सालीलगतचा भाग. त्यात स्टार्च असतो, अळीला तोच हवा असतो. सागाचा गडद गाभा हा किडा खात नाही. म्हणजे तुमची तीन-चतुर्थांशाहून जास्त फळी शाबूत आहे, बंबाचं नाव काढू नका.

झोपाळा हलला की जुना भुसाही गळतो, त्यावरून काही ठरवू नका. फळी उतरवून ठेवा, खाली काळा कागद घाला, भोकांवर कागदी चिकटपट्टी लावा. पट्टीला नवी भोकं पडली किंवा कागदावर ताज्या भुशाच्या ढिगल्या दिसल्या तर आत जिवंत आहे. भोकं भुंगा बाहेर पडतानाची असतात. अळी त्याआधी कित्येक महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही, आत बसून खात असते.

प्रतिसाद

औषधाबद्दल. टाकणखार आणि बोरिक पावडर (कॅरमला लागते तीच) गरम पाण्यात विरघळवून साधारण १० टक्क्यांचं द्रावण करा. आधी पॉलिश पूर्ण खरवडून काढा, पॉलिशवरून ते आत जात नाही. ब्रशने दोन-तीन हात, भोकांत सिरिंजने. मग सावलीत नीट वाळू द्या. पावसाळ्यात कोकणात हे करू नका, फळी वाळणारच नाही. पांढरी खर वर आली तर ओल्या फडक्याने पुसा. खोलवरच्या अळीपर्यंत ते पोचेलच असं नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी एखादं नवं भोक दिसलं तर घाबरू नका. वरून पॉलिश चढलं की नवी अंडी घालायला उघडी छिद्रं राहत नाहीत. खालची बाजूही पॉलिश करा, ती सगळे विसरतात.

रॉकेलमधली वाळवीची औषधं बसायच्या फळीला मी तरी लावणार नाही.

धागाकर्ती

खूप आभार. आज स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. कडीच्या भोकाजवळ अर्धा इंच सहज आत गेला. आता इपॉक्सी ओतून घट्ट होईल का?

प्रतिसाद

नाही. इपॉक्सीने पोकळी भरते आणि हाताला टणक लागतं, पण कडीचा ताण पेलणारे तंतूच खाल्ले गेलेत. देव्हारा किंवा फडताळाचं दार असतं तर मीही भरा म्हटलं असतं. संग्रहालयवाले अशा दर्शनी वस्तूंना ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) पाजतात. पण इथे माणसं बसणार आहेत, आणि झोका खाली येताना कड्यांवर नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त ओढ येतो.

तो पट्टा गडद लाकूड लागेपर्यंत सरळ कापून काढा. रुंदी तीन बोटं कमी झाली तरी बसायला पुरते. नको असेल तर जुन्या सागाची पट्टी सरसाने जोडून घ्या, रेषा फळीच्या दिशेनेच जुळवा, पण कड्या त्या पट्टीत नकोत. फळीखाली दोन्ही टोकांना आडव्या लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवा आणि कड्या त्या पट्ट्यांना अडकवा, म्हणजे भार फळीच्या कडेवर येतच नाही. सुतारकाकांना हे नक्की जमेल, फक्त लांबीचा डबा आधी घरी ठेवायला सांगा.

वर टांगल्यावर पोरांच्या आधी तांदळाची पोती ठेवा, ५० किलोची चार-पाच. रात्रभर राहू द्या, सकाळी बोल्ट पुन्हा आवळा. आढ्याचे हूकही त्याच वेळी बघून घ्या, तुळई सागाची आहे की फणसाची, आणि तिला फिकट कड आहे का.