मूत्रपिंडविकार असलेल्या बोक्यासाठी पथ्याचे कोरडे खाद्य सुचवावे

सांजतारा: आमच्या बारा वर्षांच्या बोक्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) २.४ आणि फॉस्फरस ५.१ (दोन्ही मिग्रॅ/डेसिलिटर) आले असून डॉक्टरांनी विकार दुसऱ्या टप्प्यात असल्याचे सांगून रीनल डाएट, म्हणजे मूत्रपिंडविकाराचे पथ्याचे खाद्य, सुचवले आहे. रोज डबाबंद ओले खाद्य देणे मला परवडणार नाही, म्हणून कोरड्यापैकी कोणते मांजरे आवडीने खातात, एवढेच कृपया सांगावे. घरात एक तरुण मांजरीही आहे आणि दोघेही एकमेकांच्या ताटलीत तोंड घालतात.

जुना_मार्जारप्रेमी: कोरड्याचा विचारच सोडावा. ओल्या खाद्यात पाऊण हिश्शाहून अधिक पाणी असते, कोरड्यात जेमतेम दहा टक्के. आणि ज्याच्या मूत्रपिंडात लघवी घट्ट करण्याची ताकद उरलेली नाही, त्याला तेच पाणी हवे असते. माझी मांजर केवळ ओल्यावर आहे आणि तिचे वय सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नाही. पैशांचे काय, ते कुठूनही उभे करता येतात.

गोडबोका: आमच्या मधुमेही बोक्याला भरपूर प्रथिने आणि अत्यल्प कर्बोदके असलेले खाद्य दिले आणि त्याची इन्सुलिनची इंजेक्शने बंद झाली. आपणही तेच द्यावे.

पथ्यपाणी: मधुमेहाचे पथ्य येथे लागू नाही. प्रथिनांबरोबर फॉस्फरसही वाढतो, आणि या विकारात मुख्य भर फॉस्फरस कमी करण्यावर असतो. दुसऱ्या टप्प्यात रक्तातला फॉस्फरस ४.६ च्या खाली राखावा, असे मानतात. प्रथिने मात्र बेतानेच कमी करायची असतात, कारण मांजर मुळात मांसाहारी आहे आणि प्रथिने फार तोडली की स्नायू झडतात.

निरीक्षक: प्रथिने हे मूत्रपिंडाला विषच आहे, हे मी पूर्वीपासून सांगत आलो आहे.

पथ्यपाणी: विष असते तर रीनल डाएटमध्ये ती घातलीच नसती.

मिशीवाली: आमच्याकडे रॉयल कॅनिनचे कोरडे रीनल पहिल्याच दिवशी संपले, पण दुसऱ्या एका कंपनीची अख्खी पिशवी वाया गेली, म्हणून आधी लहान पाकीट घ्यावे. मळमळ होत असताना नवे खाद्य पुढे करू नये, कारण मांजर त्या वासाची कायमची धास्ती घेते. जुन्यात थोडे थोडे मिसळत दोन ते चार आठवडे, हट्टी बोका असल्यास त्याहून अधिक काळ घ्यावा. त्याने काहीच खाल्ले नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नये. काही दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते.

जुना_मार्जारप्रेमी: मीही हेच सांगणार होतो. शिवाय ओलेच द्यावे.

खडेसाहेब: आमच्या बोक्याला मूतखड्यांचे खाद्य लागू पडले. तेही लघवीचेच दुखणे ना?

पथ्यपाणी: कृपया तसे करू नये. स्ट्रुव्हाइट या प्रकारचे मूतखडे विरघळवणारे खाद्य लघवी आम्ल करते, तर रीनल डाएट शरीरात साचणारे आम्ल आवरण्यासाठी बेतलेले असते. तरुण मांजरीने पथ्याचे चार दाणे खाल्ले तर बिघडत नाही. खरी अडचण बोक्याने तिचे खाल्ले तर आहे. ठरावीक वेळी दोघांना वेगळ्या खोलीत वाढून ताटल्या उचलाव्यात. फॉस्फरस तरीही उतरला नाही, तर तो आतड्यातच बांधून ठेवणारे औषध अन्नात मिसळून देतात, मात्र मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

सांजतारा: सर्वांचे आभार. कोरड्या रीनल खाद्याचे लहान पाकीट आणून कोमट पाण्यात भिजवून दिले; ओले खाद्य पूर्ण वेळ देणार नाही. मात्र बोका ते निम्मेच खातो आणि उरलेली भूक जुन्या खाद्यावर भागवतो. शंभर टक्के पथ्याचा हट्ट धरून त्याचे वजन घटवण्यापेक्षा, डॉक्टरांशी बोलून, मी सध्या हे निम्मे-निम्मेच चालू ठेवणार आहे. पुढच्या तपासणीत फॉस्फरस चढलेला दिसला, तर औषधाचे पाहू.

जुना_मार्जारप्रेमी: मग विचारलेच कशाला?